लाखेच्या तबकड्या, सुया आणि भांडणं : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

आत्याच्या सांगलीच्या घरातली ट्रंक अखेर पुण्यात आली. आत ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकड्या, मिनिटाला ७८च्या आसपास फेऱ्यांनी वाजणाऱ्या; पुढे त्यांनाच नुसतं ७८ म्हटलंय. बहुतेक दहा इंची, थोड्या बारा इंची. नाट्यपदं सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल ख्याल-ठुमरी, दोन-चार कीर्तनाच्या. काहींची लेबलं वाळवीने खाल्लीत. एक तबकडी केसभर तडकलेली आहे, ती वेगळी काढून ठेवली.

काम असं ठरवलंय : प्रत्येक बाजू एकदाच, पण नीट संगणकावर उतरवून घ्यायची. मूळ फाईलवर कसलाही संस्कार नाही. साफसफाई, गती, सूर जे काही करायचं ते नकलेवर. कारण लाखेच्या तबकडीवर सुई जितक्या वेळा फिरते तितकी खाच झिजते, आणि माझं आजचं मत पाच वर्षांनी टिकेलच असं नाही.

मित्रमंडळींना सांगितल्यावर तासाभरात तीन सल्ले आले. एकाने कोणती केबल घ्यावी ते सांगितलं, दुसऱ्याने ट्यूबचा प्रीअॅम्प (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल मोठा करणारा डबा) सुचवला, तिसरा म्हणाला सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाची मोजमापं, १९२ किलोहर्ट्झच्या खाली करूच नकोस. सुई कोणती लावणार, हे एकानेही विचारलं नाही.

१२ जून

धुणं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य लिक्विड सोपचे थेंबभर, आणि लहान मुलांचे केस विंचरायचा मऊ ब्रश. खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या.

स्पिरिट अजिबात नाही. एलपी, म्हणजे नंतरची संथ फिरणारी तबकडी, व्हिनाइलची असते, तिला ते फारसं बाधत नाही. लाख मात्र अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारे सुतार लाखदाणा स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे ठाऊक असूनही लोक तबकड्या सॅनिटायझरने पुसतात.

पावसाळा सुरू झालाय, तेव्हा बुरशीचं काय ते आत्ताच. धुतल्यावर जुन्या कागदी पाकिटांत परत घालायच्या नाहीत, बुरशी तिथेच बसलेली असते.

२१ जून

टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०. त्याला ७८ची गती आहे आणि गती खालीवर करायची पट्टी आहे, म्हणून तो. त्याच्या पोटातला प्रीअॅम्प मात्र बंद ठेवायचा, कारण तो एलपीच्या हिशेबाने बास वाढवतो आणि ट्रेबल कापतो. मला हवा सपाट प्रीअॅम्प : जे आलं ते फक्त मोठं करून पुढे द्यायचं.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं. सिग्नल वाढवणारा एनई५५३४ आयसी, मेटल फिल्म रेझिस्टर, व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८१५ आणि ७९१५, १५-०-१५चा ट्रान्सफॉर्मर. फीडबॅकला ४७ के आणि १ के, म्हणजे ४८ पट, साधारण साडेतेहेतीस डेसिबल. याहून जास्त गेन मुद्दाम घेतला नाही. कार्ट्रिजमधून (सुईचं हलणं विजेत बदलणारा भाग) पाचेक मिलिव्होल्ट येतात, पण तबकडीवर चरा असला की तो फटका त्याच्या दहा-वीस पट असतो. तो फटका अॅम्पमध्येच छाटला गेला तर त्याचा शेपटीसारखा पसारा पुढच्या आवाजात मिसळतो आणि मग सॉफ्टवेअरला तो नीट उचलता येत नाही. फटकासुद्धा स्वच्छ उतरला पाहिजे, तरच तो स्वच्छ काढता येतो.

दुकानात एक गृहस्थ होते. "५५३४ कशाला, रुक्ष वाटतो, ऑपीए आयसी घ्या" म्हणाले. मी मान डोलावली आणि ५५३४च घेतला. लाखेची खरखर या आयसीच्या आवाजापेक्षा इतकी वर असते की खाली काय चाललंय ते कळायला मार्गच नाही.

२२ जून

हम, म्हणजे स्पीकरमधली अखंड घूं. रात्री साडेअकरापर्यंत.

कारणं दोन निघाली. ट्रान्सफॉर्मर टोनआर्मच्या फार जवळ होता; तो तीन फूट लांब नेला, तसा ५० हर्ट्झचा आवाज बसला. उरलेला १०० हर्ट्झचा होता, म्हणजे पुरवठ्यातून येणारा. रेक्टिफायरची आणि सिग्नलची अर्थची तार एकाच ठिकाणी आणून जोडल्यावर तोही गेला. हम कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते आधी बघावं, अर्धा शोध तिथेच संपतो.

२९ जून

आजचा दिवस सुयांचा.

एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ७८च्या खाचेसाठी ६५ ते ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी साचलेल्या धुळीतून आणि झिजेतून घसरत जाते. आवाज येतो, म्हणून लोकांना वाटतं चाललंय. मी मुद्दाम एका आधीच खराब झालेल्या तबकडीवर दोन्ही लावून बघितलं. एलपीच्या सुईवर तळणीचा आवाज, त्यात कुठेतरी गाणं. ७६ मायक्रॉनची लावताच गायक समोर आला आणि तळण मागे गेलं.

याहून बारीक गंमत पुढे आहे. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुया एका ठराविक खोलीवर भिंत झिजवत गेल्या. दर बाजूला सुई बदलायची असा नियम होता, पण घरोघरी एकाच सुईवर आठवडा निघत असे. त्यामुळे कधीकधी थोडी लहान, ६५ची सुई अधिक खाली बसते आणि तिथली भिंत अजून कोरी असते. कधी उलटं. आत्याच्या आवडीच्या, म्हणजे सर्वांत जास्त वाजलेल्या तबकड्या ६५वर चांगल्या निघतायत. कोपऱ्यात पडून राहिलेल्या ७६वर. कोणती पदं घरात लाडकी होती याचा पुरावाच म्हणायचा.

आणखी एक. कार्ट्रिज स्टिरिओ आहे आणि तबकडी मोनो. ७८ची खाच आडवी हलते. उभं जे काही हलतं तो निव्वळ कचरा. डावा-उजवा चॅनल एकत्र केला की आडवं बेरजेत येतं, उभं एकमेकांना खोडतं. तरी उतरवून घेताना दोन्ही चॅनल वेगळे ठेवतोय, कारण काही तबकड्यांची एकच भिंत झिजलेली असते आणि तेव्हा दुसरी एकटीच घेतलेली बरी.

५ जुलै

महत्त्वाची नोंद, पुन्हा वाचायला लागेल म्हणून सविस्तर.

तबकडी कापताना बास कमी करून कापतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना तो तितकाच वाढवायचा. किती आणि कुठून, याचा सर्वमान्य नियम १९५४ साली आला, तो आरआयएए, अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेचा. त्यात खालचा वळणबिंदू (ज्याच्या खालचा बास वाढवायचा ती फ्रिक्वेन्सी) ५०० हर्ट्झ आणि वर २१२२ हर्ट्झपासून ट्रेबलची कपात : ५ किलोहर्ट्झला सुमारे ८ डेसिबल, १० किलोहर्ट्झला जवळपास १४. म्हणजे कापतानाच तेवढं ट्रेबल वाढवलेलं असतं, म्हणून वाजवताना कापायचं.

पण ७८च्या काळात एचएमव्हीच्या विजेवर मुद्रित झालेल्या तबकड्यांसाठी साधारण २५० हर्ट्झचा वळणबिंदू धरतात आणि वरचं ट्रेबल वाढवलेलंच नसतं. त्याही आधीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या, तर कसल्याच नियमात बसत नाहीत. तिथे वीज नव्हती, सर्किट नव्हतं, कर्णा आणि पडदा जे देईल ते. विजेचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत १९२५ला सुरू झालं, तेव्हा ट्रंकेतल्या तबकड्यांचे सरळ दोन ढीग केले.

आता ही ७८ एलपीच्या प्रीअॅम्पमधून वाजवा. न वाढवलेलं ट्रेबल ८ डेसिबलने कापलं जातं. १०० हर्ट्झला जरुरीपेक्षा ५ डेसिबल बास जास्त मिळतो. गायकाच्या शब्दांतले स, श, च निघून जातात, पेटी घोगरी होते, तबल्याचा बायाँ फुगतो. आणि या प्रकाराला गेली कित्येक वर्षं आपण सगळे "जुन्या तबकडीचा ऊबदार आवाज" म्हणत आलोय.

ही ऊब तबकडीत नाहीच. ती चुकीच्या वळणाची आहे.

आज बालगंधर्वांची एक बाजू दोन्ही प्रकारे वाजवून बघितली. २५०च्या वळणावर शब्द कळतात. नाट्यसंगीतात शब्द कळणं ही काही चैनीची गोष्ट नाही, पद प्रसंगावर बेतलेलं असतं. आरआयएएवर सूर तेवढा उरतो.

६ जुलै

कालच्या दोन फाईली एका मित्राला पाठवल्या. कोणती कोणती ते सांगितलं नाही. त्याचं उत्तर : "पहिली छान, भरीव. दुसरी जरा पातळ, डिजिटल झालीय." पहिली आरआयएएची होती. दोन्ही एकाच क्षणी, एकाच सुईने, एकाच कार्डावर उतरलेल्या. वरून गाळणी तेवढी वेगळी.

त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग मला चुकीची आवडते." यावर काय बोलणार? आवडू दे. त्याच्यासाठी एक प्रत तशी करून देईन. फक्त फाईलच्या नावात तसं लिहीन.

१३ जुलै

गती. याच विषयावर सगळ्यांत कमी बोललं जातं आणि गाण्यात सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो.

७८ हा आकडा नंतर स्थिरावला. आधीच्या तबकड्या ७६पासून ८०च्या वरपर्यंत कशाही असतात. इंग्लंडातल्या कोलंबियाच्या काही लेबलांवर तर ८० छापलेलंच असे. ७८ आणि ८०मध्ये ४४ सेंटचा फरक. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट, म्हणजे हा त्याच्या निम्म्याहून थोडा कमी.

आधी टर्नटेबल खरा किती फिरतो ते बघितलं. ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघांची कागदी चकती छापून घेतली. सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की गती ७७.९२. घरातल्या एलईडी दिव्यांखाली काहीच दिसेना, त्यांचा ड्रायव्हर ती लुकलुक गिळतो. शेवटी एक्स्टेन्शन बोर्डावरच्या लाल निऑन इंडिकेटरजवळ धरली, लख्ख दिसल्या. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५च्या पट्ट्यात राखायची असते, म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी चूक तीन-चार सेंटची. चालेल.

संध्याकाळी पेटी दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो. ते नात्याने कुणाचेच मामा नाहीत, पण पेठेतले सगळे त्यांना मामाच म्हणतात. लॅपटॉपवर एक बाजू लावली.

"षड्ज कुठंय हो याचा?" त्यांनी काळी एक दाबली. मग पांढरी दोन. "मधेच लटकलाय."

"तेच विचारायला आलो, मामा. खाली ओढू की वर?"

हिशेब असा : षड्ज काळी एकच्या ४५ सेंट वर आहे. गती ७६ धरली तर तो बरोबर काळी एकवर बसतो. ८०च्या किंचित वर धरली तर पांढरी दोनवर. दोन्ही त्या काळात शक्य. एका उत्तराने गाणं संथ आणि गळा भारदस्त होतो, दुसऱ्याने चपळ आणि कोवळा.

मामांनी तिसरीच अडचण काढली. "साथीची पेटी चारशेचाळीसला लावलेली होती कशावरून?" बरोबर आहे. फ्रान्सने १८५९ साली ए ४३५ ठरवला होता आणि जुन्या पेट्यांचे सूर बरेचसे फ्रान्स-जर्मनीतूनच यायचे. ४३५ आणि ४४०मध्ये २० सेंट. म्हणजे पेटीच्या पट्टीवरून गती काढायची, पण पट्टीच वीस सेंटने हलती.

१४ जुलै

मामांचा सकाळी फोन. रात्रभर डोक्यात होतं म्हणे. "तबला ऐका. वर ओढलात तर चाटेचा, कडेवरच्या बोलाचा आवाज टिनाच्या डब्यासारखा येतो. खालचंच खरं." कानाचा पुरावा म्हणून लिहून ठेवतो.

१६ जुलै

गतीबद्दल एक पुरावा मिळाला, पण तो मामांच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. ट्रंकेत त्याच गायकाची आणखी एक तबकडी आहे, मॅट्रिक्स क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा, तबकडीवर उमटलेला क्रमांक) अगदी लगतचा, म्हणजे बहुधा त्याच बैठकीतली. तिचाही षड्ज तितकाच लटकलेला, काळी एकच्या चाळीस-पंचेचाळीस सेंट वर. दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच गतीने कापलेल्या दिसतात. ७६ हे अजून सिद्ध झालं नाही; पण जे काही ठरेल ते दोघींना एकच लागू होईल. मूळ फाईल ७७.९२चीच राहील. नकलेच्या नावात गती लिहायची.

२० जुलै

एका बारा इंची तबकडीवर तानपुऱ्याचा सूर डोलतो. सेकंदाला साधारण १.३ वेळा, म्हणजे दर फेऱ्याला एकदा. भोक मध्यावर नाही.

भोक १ मिलिमीटर सरकलेलं असेल तर १० सेंटिमीटर त्रिज्येवर सूर वरखाली १७ सेंटने हलतो. आत, ५ सेंटिमीटरवर आल्यावर ३४ सेंटने. म्हणून हा दोष तबकडी संपत येते तसा वाढत जातो आणि लोकांना वाटतं गवई दमला.

भोक कोरून मोठं करायचा सल्ला सर्रास देतात. मी तसं करणार नाही, मूळ वस्तूला हात लावायचा नाही. स्पिंडलवर बसणारी तबकडी उचलून खाली रबराच्या चकत्या घातल्या, भोक स्पिंडलच्या टोकावर मोकळं राहील एवढी उंची दिली आणि टोनआर्म डावी-उजवीकडे झुलायचा थांबेपर्यंत तबकडी बोटाने सरकवत राहिलो. वेळखाऊ आहे. ख्यालाच्या तबकड्यांना करायचं. नाट्यपदांत तान इतकी झपझप जाते की तिथे एवढा डोल जाणवत नाही.

२६ जुलै

केबलवाला मित्र त्याची केबल घेऊन आलाच. बोटाएवढी जाड, टोकाला सोनेरी मुलामा, किमतीत माझ्या प्रीअॅम्पसारखे बरेच प्रीअॅम्प निघतील.

केबलने फरक पडत नाही असं मी म्हणत नाही, आणि याच ठिकाणी तर नाहीच. टर्नटेबल ते प्रीअॅम्प हा घरातल्या सबंध साखळीतला असा तुकडा आहे, जिथे केबल खरोखर ऐकू येऊ शकते. मॅग्नेट कार्ट्रिजच्या गुंडाळीचं इंडक्टन्स अर्ध्या हेन्रीच्या घरात असतं. तिच्यापुढे केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) आली की दोघांचा मिळून अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठराविक फ्रिक्वेन्सीला आवाज उचलला जातो : २०० पिकोफॅरडला साधारण १६ किलोहर्ट्झला, ५०० पिकोफॅरडला १० किलोहर्ट्झला. पहिला ऐकण्याच्या काठावर, दुसरा ऐकण्याच्या आत.

मीटरवर दोन्ही मोजल्या. त्याच्या जाड केबलची कपॅसिटन्स माझ्या साध्यापेक्षा जास्त निघाली. म्हणजे एलपीसाठी महागडीच वाईट ठरावी. तो बराच वेळ मीटरच्या बॅटरीबद्दल बोलत होता.

७८ला मात्र दोन्ही सारख्याच. विजेच्या काळातल्या जुन्या तबकडीत पाचेक हजार हर्ट्झच्या वर गाणं फारसं नाही, कर्ण्याच्या काळातल्यात तर दोन-अडीच हजारांच्या वरही नाही. तिथे १० किलोहर्ट्झवरच्या अनुनादाने काय बिघडणार? खरखर तेवढी किंचित बदलेल.

चहा पिऊन गेला. केबल चार दिवस "बसायला" ठेवून गेलाय.

३ ऑगस्ट

सॅम्पलिंगचा वाद. भाचा आलाय, त्याचे कान विशीतले, हेडफोन माझ्यापेक्षा चांगले.

मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवतोय. यावर एका बाजूचे म्हणतात, कमी आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, वेडेपणा आहे. लाखेच्या तबकडीत मोठ्या-लहान आवाजातलं अंतर ४० डेसिबलच्या आसपास, १६ बिटात ९६ डेसिबल मावतात, आणि ५ किलोहर्ट्झच्या गाण्याला ४४.१ पुरून उरतं. दुसऱ्यांचं गणित बरोबर आहे. तरी ९६ किलोहर्ट्झ घ्यायचं कारण गाण्यात नाही, चऱ्यात आहे. फटका हा फार अरुंद टोकाचा असतो. जास्त सॅम्पलिंगला तो टोकदारच राहतो, सॉफ्टवेअरला तो तान किंवा तबल्याच्या चाटेपासून ओळखता येतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आयएसाच्या शिफारशीतही किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट आहे, ९६ असेल तर उत्तम.

पण ऐकायला? साफ केलेली एक बाजू, एक प्रत २४/९६ आणि तिचीच १६/४४.१ करून, फूबार या सॉफ्टवेअरमधल्या एबीएक्सवर, म्हणजे कोणती प्रत चालू आहे ते न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीवर, भाच्याला बसवलं. १६ फेऱ्या. त्यात १२ बरोबर आल्या तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली, म्हणून ती रेघ आधीच आखली होती. तो तिच्या जवळपासही पोचला नाही. "पण पहिल्या दोन वेळी मला अगदी स्पष्ट कळत होतं," म्हणाला. सगळ्यांना कळत असतं. म्हणूनच एबीएक्स.

मोठ्या पातळीवर हे होऊन गेलंय. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलेल्या प्रयोगात उच्च दर्जाच्या डिजिटल तबकड्यांच्या वाटेत मध्येच सीडीच्या दर्जाची पायरी घातली होती. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे छापा-काट्याइतकीच. त्या प्रयोगावर आक्षेप आहेत, त्यातल्या काही मूळ ध्वनिमुद्रणांचा दर्जा खरंच तेवढा उच्च होता का, हा रास्त आहे. माझ्या लाखेच्या तबकड्यांना मात्र तो आक्षेप लागूच होत नाही. त्या कोणत्याही व्याख्येने उच्च दर्जाच्या नाहीत.

१० ऑगस्ट

खरखर काढावी की ठेवावी. यावरून माणसं खरोखर बोलायची थांबतात.

चार जण बोलावले. एकाच बाजूच्या तीन प्रती : कच्ची; फक्त फटके काढलेली; फटके आणि खरखर दोन्ही काढलेली. आधी एक सापळा टाळला. सॉफ्टवेअर साधारणपणे सर्वांत उंच टोक बघून आवाज सारखा करतं. कच्च्या प्रतीत सर्वांत उंच टोक हे चऱ्याचं असतं, गाण्याचं नाही. ते काढलं की साफ प्रत आपोआप पाच-सहा डेसिबलने वर येते, आणि मग कुणीही म्हणेल साफ प्रत जिवंत वाटते. म्हणून टोकावरून नव्हे, सरासरी जाणवणाऱ्या जोरावरून तिन्ही सारख्या केल्या.

तपासून बघावं म्हणून चौथी प्रत गुपचूप घातली : दुसरीच, पण १ डेसिबल मोठी. तिला "मोकळा", "पडदा उचलल्यासारखा" आणि "ही नक्कीच दुसऱ्या सुईची" अशी तीन प्रशस्तिपत्रं मिळाली.

बाकी निकाल : फटके काढलेली आणि खरखर तशीच ठेवलेली प्रत चौघांपैकी तिघांना आवडली. खरखर पूर्ण काढलेलीत गळ्याच्या कडा भुरभुरतात, स्वर सुटताना मागे काचेचा किणकिणाट राहतो. अखंड, एकसारखी खरखर असेल तर कान दोन मिनिटांत तिच्याकडे दुर्लक्ष करतो. येणारी-जाणारी खरखर मात्र सहन होत नाही, आणि जोरात सफाई केली की नेमकं तेच होतं.

चौथ्याला कच्चीच हवी. त्याचं म्हणणं, तबकडी आहे तर तबकडीसारखी वाजू दे. हा चवीचा प्रश्न आहे, मोजमापाचा नाही, तिथे मी हट्ट धरत नाही.

पाच वाजता नदीपात्रात ढोलपथकाचा सराव सुरू झाला आणि सभा बरखास्त. गणपती होईपर्यंत संध्याकाळी काही ऐकायचं नाही.

१७ ऑगस्ट

ट्यूबवाल्या मित्राकडे सकाळीच गेलो, पथकं झोपलेली असतात तेव्हा. त्याचा ईएल८४चा अॅम्प, स्वतः बांधलेला. देखणा. त्याच्या स्पीकरवर माझ्या फाईली खरंच वेगळ्या ऐकू आल्या, गळ्याला जरा जास्त अंग आलं.

हा भास नाही. त्याच्या अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आतला विद्युत अडथळा, त्यानेच मोजलाय, २ ओहमच्या आसपास. त्याचा स्पीकर कुठे ४ ओहम, कुठे ३० ओहम. ४ ओहमच्या ठिकाणी साडेतीन डेसिबल पडतात, ३०च्या ठिकाणी अर्धा. म्हणजे स्पीकरच्या वळणाप्रमाणे ३ डेसिबलचं इक्वलायझेशन फुकटात. ट्रान्झिस्टर अॅम्पमागे २ ओहमचा रेझिस्टर लावला तर बरंचसं असंच होईल, असं मी म्हणालो. "मग उजेड कुठून येईल?" असं तो म्हणाला. बिनतोड.

एक गोष्ट मात्र आता पक्की झाली. सुई बदलली, वळण बदललं, गती बदलली तर फरक शेजारच्या खोलीतून कळतो. केबल, आयसी, सॅम्पलिंग यांसाठी डोळे मिटून, श्वास रोखून बसावं लागतं आणि तरी उत्तर छापा-काट्याचंच येतं. आणि आमच्यातल्या नव्वद टक्के चर्चा दुसऱ्या यादीवर होतात. कारणही उघड आहे : दुसरी यादी दुकानात मिळते. गती दुकानात मिळत नाही, तिच्यासाठी मामांकडे जावं लागतं.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या, आत्याही आली. पुरणाचं चाललेलं असताना हॉलमध्ये एक बाजू लावली, ७६ची.

आत्या आतून म्हणाली, "अरे, हे एवढं सावकाश कधीपासून गायला लागले?"

८०ची लावली. "हां. असंच होतं आमच्याकडे."

मामा ७६ म्हणतात, आत्या ८०. पण आत्याने ऐकलं ते चावीच्या ग्रामोफोनवर, आणि त्याच्या गती राखणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू आजोबा स्वतःच्या मर्जीप्रमाणे फिरवायचे, हे तिनेच नंतर जेवताना सांगितलं. तिची साक्ष त्या घराच्या गतीची आहे, गायकाच्या नाही. दोन्ही प्रती ठेवतोय. तिच्या पेन ड्राइव्हवर ८०ची जाईल.

१४ सप्टेंबर

विसर्जन झालं, शहर शांत, कामाला वेग.

नावांची पद्धत पक्की केली : लेबल, कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, बाजू, सुईचे मायक्रॉन, वळण, गती. लेबल गेलेल्या तबकड्यांचा मॅट्रिक्स क्रमांक लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात तिरप्या टॉर्चने वाचता येतो. ओळख पटवायला मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी १९९०पासून हेच करत आलीत, त्यांच्या सूचींवर आधार ठेवतोय.

सगळ्यांसाठी खुलं करायचं तर हक्क बघायला हवेत. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९६४पर्यंत निघालेल्या तबकड्या २०२५मध्ये मोकळ्या. पण पदाचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नाटककार देवल १९१६ला गेले, खाडिलकर १९४८ला, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ला, तिथे अडचण नाही. मास्टर कृष्णराव गेले १९७४ला, त्यांच्या चाली २०३४ संपेपर्यंत थांबतील. त्या बाजू उतरवून, साफ करून वेगळ्या फोल्डरमध्ये.

तडकलेली तबकडी अजून बाकी आहे. तडा फेऱ्याला एकदा टिक करेल, १.३ हर्ट्झने, ते काढता येईल. भीती एवढीच की सुई कडेला अडकून लाखेचा टवका उडेल. खालून कागदी टेप लावून, तडा सुईच्या वाटेला वर चढणारा नाही तर उतरणारा येईल अशा बाजूने दाब देऊन बघणार. आधी ट्रंकेतल्या एका कामातून गेलेल्या तबकडीवर. केबल अजून इथेच आहे, ती परत द्यायची.